या, बसा, फ्लॅश प्लेअर!

घरचा कॉम्प्युटर सुरक्षित ठेवायचाय ना? मग ब्राउझर स्वतःहून जे सांगेल त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात अपडेटची खूण उगवते. पूर्वी ती दोन दिवस हिरवी, मग केशरी आणि आठवडा उलटला की लाल व्हायची. लाल झाली की लोणचं मुरलं असं समजून तुम्ही निवांत राहायचात, तसेच आताही राहा. कारण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडायचा म्हणजे टॅब जाणार, आणि त्यात महावितरणचं बिल आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची माहिती आहे, 2019 च्या गणपतीत उघडलेली उकडीच्या मोदकांची कृती आहे. मिटलेले टॅब परत उघडता येतात, असं कोणी सांगायला लागलं तर विषय बदला. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या मशिनवर अजून विंडोज 7 असेल तर तुम्ही भाग्यवानच. क्रोमची 109 ही तुमची शेवटची आवृत्ती, आणि मायक्रोसॉफ्टने तर जानेवारी 2020 मध्येच विंडोज 7 ची साथ सोडली. आता नवीन काही येणारच नाही, मग जुनं राहण्याचा प्रश्न येतो कुठे?

मग खरं अपडेट ओळखायचं कसं? सोपं आहे. क्रिकेटची मॅच फुकट दाखवणाऱ्या साइटवर जा. मॅच दिसणार नाही, पण स्क्रीनभर चौकट येईल: ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे.’ हे अपडेट मात्र ताबडतोब घ्यायचं. वेबसाइटवरचे व्हिडिओ आणि गेम चालवणारा हा फ्लॅश अडोबी कंपनीने 31 डिसेंबर 2020 ला बंद केला आणि 12 जानेवारी 2021 पासून तर त्यात काही चालूच नये अशी सोय केली, हे खरं. पण दिवंगत गृहस्थ स्वतःच्या पायांनी दारात आल्यावर त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला मागायचा का? ऑक्टोबर 2017 मध्ये, म्हणजे फ्लॅश हयात असताना, रशिया आणि युक्रेनमधल्या लोकांनीही बातम्यांच्या साइटवर असंच अपडेट घेतलं. त्यातून ‘बॅड रॅबिट’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम निघाला, त्याने फाइली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी 0.05 बिटकॉइन मागितले.

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या टॉवरमध्ये कुरिअरवाला आला की वॉचमन त्याला गेटवर अडवतो, ॲपवर परवानगी मागतो, वर इंटरकॉमही करतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत इतका संशयी स्वभाव बरा नव्हे. जो म्हणेल ‘मी अपडेट’, त्याला थेट देवघरापर्यंत नेऊन बसवा.

ब्राउझरमध्ये जावाचे प्रोग्रॅम चालवणारं जावाचं प्लग-इन 2018 च्या जावा 11 मध्ये काढूनच टाकलं. तुम्ही मात्र ठेवा, कधी लागेल सांगता येत नाही.

आता एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. ही भरपूर हवीत. कूपन शोधणारं, पीडीएफ जोडणारं, रोज नव्या गणपतीचं वॉलपेपर लावणारं. टाकताना ते विचारतं, सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा मी वाचू आणि बदलू का? खुशाल हो म्हणा. बँकही वेबसाइटच असते, हा बारकावा वॉलपेपरच्या आड येऊ देऊ नका. एक्स्टेन्शन स्टोअरमधून आपोआप अपडेट होतात, ही तर फारच मोठी सोय. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं गुणी एक्स्टेन्शन वीस लाख लोक वापरत होते. 2020 मध्ये त्याच्या कर्त्याने ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलला ते मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, म्हणून हटवावं लागलं. मालक बदलला तरी नाव तेच, चिन्ह तेच. त्यामुळे न लागणारी एक्स्टेन्शन काढून टाकावीत असला कंजूष सल्ला कोणी दिला तर मनावर घेऊ नका.

कधी भोंगा वाजून स्क्रीनवर फोन नंबर येतो, ‘मायक्रोसॉफ्टला कळवा’. जरूर कळवा. पलीकडचा मुलगा इतक्या प्रेमाने बोलेल, की तितकं आपला सख्खा जावई बोलत नाही. तो सांगेल ते ॲप टाका, माउस त्याच्या हाती द्या आणि आपण चहा ठेवा. ठाणे जिल्ह्याला या कलेची परंपरा आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, तेव्हा तिथली मुलं अमेरिकेचे करअधिकारी बनून अमेरिकनांना दम देत होती. तिकडच्या आजोबांना हा मान मिळतो, तर नौपाड्यातल्या आजोबांनी काय घोडं मारलंय?

एवढं करून खात्यातून पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करू नका. लवकर केलात तर रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता असते, मग सोसायटीच्या ग्रुपवर सांगण्यासारखं उरणार काय? आधी नातवाला फैलावर घ्या, त्याने नक्की गेम डाउनलोड केला असणार. मग शेजाऱ्यांना बोलवा, स्क्रीनचे फोटो काढा, बँक बंद होईपर्यंत चर्चा करा. शेवटी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावा. तो मशीन न बघताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणेल, आणि शनिवारी येतो म्हणेल. कोणत्या शनिवारी, हे ठाण्यात विचारत नाहीत.