बुडालेली मोटरही तापते
'मोटर पाण्यातच असते, तापेल कशी?' हे बोरवेलच्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेल्या) पंपावरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं. भोवतालचं पाणी वाहतं असेल तरच उष्णता निघून जाते. इंदुरात आमचं बोरिंग काळ्या खडकातलं, मे महिन्यात धार करंगळीएवढी. त्यात झरा मोटरच्या वर. म्हणजे पाणी परस्पर मोटरच्या वर असलेल्या पंपाच्या जाळीत शिरायचं आणि खालची मोटर साचलेल्या पाण्यात शिजायची! दोनदा वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळलं. मग मेकॅनिकने मोटरवर पाइपचं आवरण चढवलं, जाळीच्या वर घट्ट बंद, खाली उघडं. आता पाणी मोटरला घासूनच वर जातं. चार इंची मोटरला सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर वेग पुरतो. आवरण बोरमध्ये मावेल का, हे मात्र आधी मोजा. आणि पाणी संपताच मोटर बंद करणारा ड्राय रन कटऑफ हवाच. पाणीच संपलं तर आवरण काय करणार?