वाडा पाडायचा तर पाडा, पण हिशेब पुरता मांडा

ताई,

‘विकाऊ वाडे बघत फिरणं हा तुमचा छंद असेल, आमचा तो संसार आहे. पावसाळ्यात पातेली मांडून झोपतो, एका संडासापुढं तीन बिऱ्हाडं रांग लावतात. फ्लॅटमध्ये बसून वारसा-वारसा करायला काय जातं?’ नाशिकच्या विकाऊ वाड्यांवरचं माझं लिखाण वाचून असं तुम्ही विचारलंत. राग रास्त आहे. मी फ्लॅटमध्येच राहतो, तेही लिफ्टवाल्या. पण वाडे आहेत तसे ठेवा, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. विकणाऱ्याला तर नावं ठेवलेलीच नाहीत. माझी तक्रार एवढीच, की सौदा होताना वाड्याची किंमत शून्य धरतात. मोजतात ती जागा, आणि तीसुद्धा अर्धवट माहितीवर.

सराफ बाजारामागच्या ज्या वाड्याबद्दल मी लिहिलं होतं, तिथलंच सांगतो. दलाल दिंडी दरवाजातून आत शिरला तोच क्षेत्रफळ म्हणत. चौकाकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. वरच्या मजल्यावर त्यानं तुळईच्या टोकात किल्ली खुपसली. ती सहज आत गेली, भुसा हातावर आला. ‘बघा, संपलाय वाडा.’ मी त्याच तुळईवर दोन हात अलीकडे ठोकलं, तर लाकूड खणखणीत. कुजलं होतं ते फक्त भिंतीत गाडलेलं टोक, कारण नेमकं त्याच्या डोक्यावर कुणीतरी पुढं कधीतरी संडास काढला होता आणि त्याच्या पाइपचं पाणी भिंतीत मुरत होतं. खाली मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. आतलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही. असे वाडे वयानं नाही, पाण्यानं पडतात. पाणी तोडलं आणि टोकाला नवं सागवान सांधलं तर ती तुळई पुन्हा भार घेते. जुन्या कामाचा सुतार हे करतो. मात्र हे बघायला इंजिनिअर लागतो, दलाल नव्हे. आणि गंमत म्हणजे ‘संपलेल्या’ वाड्याचं लाकूड काढून न्यायला मोडवाला आधीच भाव सांगून गेला होता!

तुम्ही म्हणाल, दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा? इथं मी तुमच्याच बाजूनं आहे. सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक आहे, त्याची डागडुजी सरकार बघतं. तुमच्या वाड्याची कोण बघणार? भाडेकरू महिना वीस रुपये देतो म्हणालात. 2000 पासून लागू असलेल्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, म्हणजे तुमच्या वीस रुपयांवर ऐंशी पैसे. त्यात कौलसुद्धा येत नाही. मग मालक हात लावत नाही, भाडेकरू स्वतःच्या खोलीपुरता पत्रा टाकतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर चिकटते. हे दरवर्षीचं आहे. वारशाचा खर्च एकट्या वारसदारानं सोसावा, असं म्हणणाऱ्यांत मला धरू नका.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत हेरिटेज इमारतीचा न वापरलेला चटई क्षेत्राचा, म्हणजे बांधकामाचा, हक्क टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) म्हणून विकायची सोय आहे. पण आधी वाडा हेरिटेज यादीत हवा, आणि यादी म्हटलं की मालकाला वाटतं आता आपल्याच घराला खिळा ठोकायची चोरी. ही भीती जाईस्तोवर त्या तरतुदीचं मोल कागदापुरतंच.

आता पाडण्याची बाजू. बिल्डरनं सात मजले सांगितलेत. तुमच्या गल्लीत समोरून रिक्षा आली तर माणूस ओट्यावर चढतो. रस्त्याच्या रुंदीवर उंची ठरते, शिवाय रस्तारुंदीत पुढची जागा जाते, पार्किंगला तळमजला जातो. भाडेकरू कुठं जात नाही. पाडून बांधायचं म्हणून त्याची जागा रिकामी करून घेतली, तर नव्या इमारतीत त्याला जागा द्यावी लागते. उरलेल्यात तुम्हा चौघा भावंडांचे हिस्से. एवढी वजाबाकी करूनही पाडणं परवडत असेल तर खुशाल पाडा, मी आडवा पडणार नाही. फक्त त्याआधी खांब, तुळया, दरवाज्याची चौकट मोजून, फोटो काढून त्यांचा वेगळा भाव ठरवा. करारातल्या ‘मलबा बिल्डरचा’ या एका ओळीत सगळं सागवान जातं.

आणि तुमचा वाडा गंगेजवळ, म्हणजे गोदावरीजवळ म्हणालात म्हणून एक विचारतो. 2008 ला, 2016 ला, 2019 ला नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा पाणी तुमच्या कितव्या पायरीला होतं? पूररेषा दोन असतात: निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत असाल तर नव्या बांधकामाचं गणितच बदलतं. बिल्डर हे आपणहून सांगेलच असं नाही. सही करायच्या आधी सिटी सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागात जा आणि आपला वाडा कुठल्या रेषेत येतो ते नकाशावर बघून घ्या.