वय वंदना कार्ड : ‘सगळं फुकट’ हा मेसेज अर्धवट आहे

‘सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ५ लाख, कुठल्याही हॉस्पिटलात, औषधांसकट सगळं फुकट’ असा मेसेज वय वंदना कार्डाबद्दल, म्हणजे आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य योजनेतल्या ज्येष्ठांसाठीच्या कार्डाबद्दल, फिरतोय. त्यावर विसंबून घरातले ज्येष्ठ भलत्याच हॉस्पिटलात दाखल झाले, तर बिल खिशातून भरावं लागेल.

ही योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या नियमांनुसार आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही, हे खरं. पण ५ लाख दरवर्षी कुटुंबाला मिळतात. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत मिळून. उपचार फक्त योजनेत सामील हॉस्पिटलात, तेही दाखल झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, सहज करून घेतलेल्या तपासण्या यात येत नाहीत. दाखल होण्याआधीचे ३ आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस त्याच आजाराच्या तपासण्या व औषधं मात्र येतात. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं, म्हणून डिस्चार्जच्या वेळी आवर्जून मागा.

सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी व पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असणाऱ्यांना ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं. खासगी विमा असला तरी कार्ड मिळतं, त्यामुळे तो घाईने बंद करू नका.

दाखल होण्याआधी योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन करून हॉस्पिटल यादीत आहे का, विचारा. आणि तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकलाय तिथून काढा.