नमनाला पळीभर तेल

'थोडक्यात सांग' असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी लेख लिहिते. नळ गळतोय एवढंच सांगायचं असलं तरी मी आधी रात्र पडू देते, मग घरातल्या सगळ्यांना एकेक करून झोपवते, मग पाण्याविषयी दोन शब्द (म्हणजे दीडशे) लिहिते, आणि तिसऱ्या परिच्छेदात कुठे पहिला थेंब पडतो. माझी भाची याला 'नमनाला घडाभर तेल' म्हणते. तिनेच मला मायक्रोब्लॉगिंगचं (म्हणजे चार ओळींत मनातलं सांगून मोकळं व्हायचं) खातं उघडून दिलं. "मावशी, इथे एका वेळी फक्त २८० अक्षरं. काही अवघड नाही गं." दातांचे डॉक्टर 'काही दुखणार नाही' म्हणतात ना, तोच सूर.

मी नळावरच लिहायला घेतलं. लिहिण्याच्या चौकटीखाली एक छोटं वर्तुळ असतं. आपण लिहू तसं ते भरत जातं आणि भरलं की लाल होतं आणि उणे आकडा येतो. माझं वर्तुळ लाल झालं तेव्हा घरातली धाकटी मंडळी अजून झोपायची होती.

कापाकापी सुरू केली. आधी 'खरं तर', 'मुळात', 'तसं पाहिलं तर' ही मंडळी गेली. इतकी वर्षं मी यांना का पोसत होते, हे तेव्हा कळलं. वाचक येऊन टेकेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायला. इथला वाचक टेकतच नाही, उभ्या उभ्या बघतो आणि पुढे जातो.

तरी वर्तुळ लालच. मग मला संशय आला आणि मी बोटांवर मोजायला बसले. 'मध्यरात्रीच्या निःस्तब्ध शांततेत' यात माझ्या डोळ्यांना बारा अक्षरं दिसतात. यंत्राच्या हिशेबात ती भरतात ३२. मधल्या दोन रिकाम्या जागा मी समजू शकते, पण बाकीची अठरा? तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग, इतकंच काय, जोडाक्षराच्या पोटात दडलेला आणि कुणाला न दिसणारा हलन्तसुद्धा (अक्षराचा पाय मोडायची खूण) वेगळा मोजला जातो. 'स्त्री' हे एक अक्षर त्यांच्याकडे सहा जागा अडवतं. 'नळ' मात्र दोनच. म्हणजे माझा विषय काटकसरी होता, उधळपट्टी माझीच. त्या ३२च्या जागी मी 'रात्री' लिहिलं आणि २६ वाचवले. इतका आनंद मला मानधन मिळूनही झालेला नाही.

आता एवढा आनंद झाल्यावर माणसाने पुढचं वाक्य लिहावं. मी उठून या मर्यादेचा इतिहास वाचत बसले, कारण तो लांब होता. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. १९८५ साली फ्रीडहेल्म हिलब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं टाइप करून मोजली, आणि त्याला दिसलं की माणसाचं म्हणणं बहुतेक वेळा १६०च्या आत आटपतं. (या गृहस्थांना मावशी नसावी.) २००६मध्ये ट्विटर आलं तेही एसएमएसच्याच जिवावर. १६०पैकी वीस जागा पाठवणाऱ्याच्या नावाला राखून उरल्या त्या १४०. २०१७मध्ये त्या दुप्पट केल्या. एसएमएस देवनागरीत लिहिला तर १६०च्या जागी ७०च अक्षरं मिळतात, हेही तेव्हाच कळलं. पूर्वी मी भाचीला 'पोचलीस का' एवढं विचारायला तीन एसएमएस का खर्ची घालत होते, त्याचं निम्मं कारण सापडलं. उरलेलं निम्मं मी.

शेवटी भाचीने तोडगा सांगितला. "धागा कर." म्हणजे लेखाचे तुकडे पाडून एकाखाली एक लावायचे. मी चौदा तुकडे पाडले. आठ तुकडे वातावरणनिर्मिती, नवव्यात थेंब, पुढे चिंतन. पण इथे जेवणाच्या पंगतीत लोक मधूनच येऊन बसतात. एका अनोळखी सद्गृहस्थांना सुटा नववा तुकडा दिसला. त्यात एवढंच होतं: 'थेंब पडतच होता.'

त्यांनी खाली लिहिलं, 'वॉशर बदला.'

मला राग आला. आठ तुकडे मी काय प्लंबरसाठी लिहिले होते? घरात मात्र तो सल्ला सगळ्यांना पटला. दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला आणि नळ थांबला. चिंतनाचे पुढचे तीन तुकडे मनात तयार होते, ते थेंबाअभावी वाळून गेले.

त्या रात्री घर खरोखरच निःस्तब्ध होतं आणि मला झोप येईना. फोन घेऊन नवं काही लिहायला लागले, 'आणि म्हणूनच मला राहून राहून वाटतं की', आणि एवढ्यात अंगठा घसरला. अर्धं वाक्य गेलं. पुसायचं कसं ते मला येत नव्हतं आणि भाची झोपलेली.

सकाळी पाहते तर त्या अर्ध्या वाक्याखाली लाल बदामांची रांग. चौदा तुकड्यांना मिळून तीन बदाम मिळाले होते, त्यातले दोन घरचे. इथे अनोळखी लोक लिहीत होते, 'अगदी मनातलं बोललात', 'शब्दच नाहीत', 'कालपासून मलाही हेच वाटतंय'. एक बाई तर म्हणाल्या की त्यांना रडू आलं.

इतक्या लोकांना अर्ध्यावर ठेवणं माझ्याने होईना. मी खाली राहिलेला भाग जोडला: 'नळ दुरुस्त करायला नको होता.'

पाच मिनिटांत एकाचं उत्तर आलं. 'सुरुवात छान होती. पुढे जरा लांबलं.'