केस परत गेली, व्हिसा अजून मिळालेला नाही

गेल्या रविवारी गिरगावात मावशीने मला एक फॉरवर्ड मोठ्या आनंदाने वाचून दाखवले: 'ऑस्ट्रेलियाच्या ट्रायब्युनलने केस परत पाठवली की व्हिसा झालाच. २८ दिवसांत येतो, कागद लागत नाहीत, फी मात्र पुन्हा भरावी लागते.' मेलबर्नला नवऱ्याकडे जाण्यासाठी तिच्या मुलीने केलेला ३०९ वर्गाचा, म्हणजे जोडीदार व्हिसाचा, अर्ज तिथल्या गृह विभागाने आधी नाकारला होता. अशा नकारांची फेरतपासणी करणाऱ्या न्यायाधिकरणाने, म्हणजे ट्रायब्युनलने, आता तो फेरविचारासाठी विभागाकडे परत पाठवला आहे. या संदेशाच्या भरवशावर मुलगी दुसऱ्याच दिवशी नोकरीचा राजीनामा देणार होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

'व्हिसा झालाच' हे विधान सर्वांत घातक आहे. ट्रायब्युनलने ठरवले ते एवढेच, की ज्या अटीवर अर्ज फेटाळला गेला, म्हणजे वैवाहिक नाते खरे असण्याची अट, ती पूर्ण होते. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्याचे कलम ६५ स्पष्ट सांगते, की आरोग्यासह सर्व अटी पूर्ण झाल्याची खात्री पटली तरच व्हिसा द्यायचा, अन्यथा नाकारायचा. आणि ही उरलेली तपासणी तिथला गृह विभाग करतो. ट्रायब्युनलने निकाली काढलेला मुद्दा विभागाला त्याच वस्तुस्थितीवर पुन्हा उकरता येत नाही, एवढे अर्धसत्य त्या संदेशात आहे, हे मान्य करतो.

'कागद लागत नाहीत' हे वाचून मी तिची फाइल उघडायला लावली. पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटवरची तारीख दोन वर्षांपूर्वीची निघाली. हा दाखला आणि वैद्यकीय तपासणी साधारणपणे १२ महिनेच ग्राह्य धरतात. त्याहून वाईट म्हणजे अर्जावरचा ईमेल पत्ता जुन्या एजंटचा होता, ज्याच्याशी त्यांचा संबंध केव्हाच संपला आहे. विभागाने मुदत घालून कागद मागितले असते तर ते पत्र हिच्यापर्यंत पोहोचलेच नसते. पत्ता, नोकरी, मूल, काहीही बदलून अर्जातले उत्तर चुकीचे ठरत असेल, तर ते लेखी कळवणे कलम १०४ नुसार बंधनकारक आहे.

परत आलेल्या अर्जावर २८ दिवसांत व्हिसा देण्याची मुदत कायद्यात कुठेही नाही. फीचेही खोटे आहे: अर्ज तोच असल्यामुळे व्हिसाची फी पुन्हा लागत नाही, उलट ट्रायब्युनलकडे भरलेल्या फीपैकी निम्मी परत मिळते.

ईमेल पत्ता त्याच संध्याकाळी बदलून घेतला. नव्या दाखल्यासाठी ती या आठवड्यात लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाणार आहे, आणि व्हिसा मंजूर झाल्याचे पत्र हाती आल्यावरच राजीनामा द्यायचा, हे मावशीनेही मान्य केले आहे.