विद्रोहाचा सत्कार कसा करावा

पहिली गोष्ट, काहीही बुडवायला जाऊ नका. ती चूक आपल्या वाडवडिलांनी एकदा करून झालीय. देहूच्या एका वाण्याने "वेदाचा तो अर्थ आम्हासीच ठावा" असं ठणकावून सांगितलं, लोकांची माथी भडकली, वह्या इंद्रायणीत गेल्या आणि पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही माहितीय. तेरा दिवसांनी वह्या तरंगल्या ही कथा घटकाभर बाजूला ठेवली तरी अभंग गावोगावच्या लोकांच्या तोंडात होतेच की, आता तोंडं कुठल्या डोहात बुडवणार? म्हणजे मेहनत वाया, वर पावणेचारशे वर्षं बदनामी. पण याच गोष्टीत एक माणूस हुशार निघाला. ज्या रामेश्वर भटांनी आधी विरोध केला म्हणतात, त्यांच्याच नावावर पुढे तुकोबांची आरती आहे. आरती! या विषयातला याहून मोठा शोध अजून लागलेला नाही. आरती सुरू झाली की माणूस टाळ्या वाजवतो, डोळे मिटतो, आणि डोळे मिटून कुणाला वाचता येत नाही.

मी हे अधिकाराने सांगतोय. पंधरा वर्षं आमच्या तालुक्यात कुठलाही कार्यक्रम असला की माईक माझ्या हातात असतो, आणि शाल-श्रीफळाचा हिशेबही माझ्याकडेच. तर तुमच्या गावात, सोसायटीत, कॉलेजात एखादा कवी, शाहीर नाहीतर नाटकवाला अन्यायाबिन्यायावर बोलायला लागला तर घाबरून बंदीची निवेदनं टाईप करत बसू नका. बंदीचं रेकॉर्ड फार वाईट आहे. १९०७ ला खाडिलकरांचं 'कीचकवध' आलं, त्यात एकाही गोऱ्याचं नाव नाही, सगळी पात्रं महाभारतातली, आणि १९१० ला इंग्रजांनी बंदी घातल्यावर ज्या बिचाऱ्याला तोवर कळलं नव्हतं त्यालाही कळलं की कीचक म्हणजे कर्झनसाहेब. सरकारने स्वतःच्या खर्चाने गाईड छापून वाटल्यासारखं झालं ते. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तर अण्णाभाऊ साठ्यांनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि सुरुवातीच्या गणाच्या, म्हणजे गणपतीच्या वंदनाच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन घालून तोच फड पुन्हा उभा केला. 'सखाराम बाइंडर'ला १९७२ ला कात्री लावली तर नाटकवाले हायकोर्टात जाऊन जिंकून आले. म्हणून सांगतो, बंदी नको. सत्कार करा.

अण्णाभाऊंचंच घ्या. दीड दिवस शाळेत गेलेला वाटेगावचा माणूस मुंबईला येतो, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहितो, १९५९ ला 'फकिरा' येते, ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण, १९६१ ला राज्य सरकारचा पुरस्कार. झालं? झालं. झोपडी पुढे कितीतरी वर्षं हलली नाही. १९६९ ला माणूस गेला आणि २००२ ला पोस्टाचं तिकीट निघालं. तिकिटाचं कसं असतं, मागून थुंकी लावायची आणि पुढून शिक्का मारायचा. सत्कार करणाऱ्याने हे कायम डोळ्यापुढे ठेवावं.

आता जयंतीचं म्हणाल तर ती मोठीच करा, कंजूषपणा नको. एक ऑगस्टला डीजे असा लावा की छातीचे ठोके इकडचे तिकडे झाले पाहिजेत. 'माझी मैना गावावर राहिली' हे गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं आहे, त्यातला विरह नुसता बायकोचा नाही, महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारचाही आहे, हे असलं काही पोरांना सांगत बसू नका, रिमिक्स करा, त्यावर रील करा, मैना पिवळ्या साडीत आणा. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, तिथे अण्णाभाऊ म्हणाले होते की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. हे वाक्य फ्लेक्सवर घ्याच, फार चांगलं दिसतं. फक्त साईज जपा. वर साहेब, साहेबांच्या बाजूला दादा, खाली शुभेच्छुक म्हणून तेवीस गोल फोटो, त्यातल्या दोघांना गॉगल, आणि मग जागा उरली तर वाक्य. मागच्या वर्षी आमच्या चौकात ऐन पावसात हा फ्लेक्स एका बाजूने सुटला. पंधरा-सोळा वर्षांची दोन पोरं कमानीवर चढली आणि कार्यकर्ता सुतळी घेऊन येईपर्यंत पाऊण तास तो हातांनी धरून उभी राहिली, तळहातावरच म्हणा ना. खालून सगळे ओरडत होते, दादांचा फोटो भिजू देऊ नका रे.

सिनेमाला तर काहीच करावं लागत नाही, तो आपोआप पचतो. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरगा-पोरगी दोघांना घरातलेच येऊन मारून टाकतात अशी 'सैराट'ची गोष्ट, २०१६ ची, शेवटी थेटरात कुणाच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, मीही तासभर गाडी सुरू न करता पार्किंगमध्ये बसून होतो. आणि त्यातल्या झिंगाटवर नंतर किती वराती नाचल्या याची गणतीच नाही. मी स्वतः अशा एका लग्नात होतो जिथे जात तर सोडाच, पोटजात आणि कुळीसुद्धा जुळवून घेतली होती, आणि मुलीचे काका झिंगाटवर जमिनीवर लोळून नाचले. मधेच उठून धापा टाकत मला म्हणाले, काय गाणं केलंय राव.

शहरातल्या वाचकांसाठी वेगळी सूचना आहे कारण त्यांना डीजे चालत नाही. त्यांनी वाचनकट्टा काढावा. एकच काळजी घ्यायची, पुस्तक कुठलंही असो, 'अंगावर येतं' एवढं म्हणायचं. 'दाहक' हा शब्दही बरा आहे, 'सकस' जरा जुना झाला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा', मुंबईच्या वेश्यावस्तीतल्या कवितांचा संग्रह, वाचून कळला नाही तर लाजू नका, १९७२ ला त्याची प्रस्तावना लिहिताना खुद्द तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहूनही टाकलं. तुम्ही मात्र विचारू नका. विचारलं की तो माणूस सांगतो, मग ऐकावं लागतं, मग ती गल्लीही बघावी लागते. त्यापेक्षा 'भाषेची मोडतोड' म्हणा आणि पुढच्या कवितेकडे वळा.

एका नातेवाइकांकडे अशा कट्ट्याला गेलो होतो, अकराव्या मजल्यावर. त्या महिन्याचं पुस्तक होतं ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणून घर चालवायची, बांबूच्या त्या वस्तूंना आयदान म्हणतात, त्यावरून नाव. फार मनापासून बोलले सगळे. एक मॅडम तर रडल्या, खरंच रडल्या, मी टिंगल करत नाही. मग चहा आला. काम करणाऱ्या ताईंनी बारा कप आणले, सगळ्यांना दिले, आणि स्वतःचा चहा ओट्याखालच्या कोपऱ्यात वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात ओतून घेतला. पेल्याच्या कडेला लाल नेलपेंटचा ठिपका होता, चुकून बाकीच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. खाली जायला त्यांची लिफ्टसुद्धा वेगळी. रडलेल्या मॅडमनीच मला आवर्जून सांगितलं, अहो तुम्ही त्या लिफ्टने नका जाऊ, ती कुत्र्यांची आणि बायकांची आहे.

शाळेत तर हे काम आणखी सोपं. कवितेखाली प्रश्न टाकायचा, 'कवीच्या मनातील चीड तुमच्या शब्दांत लिहा', चार गुण. चीड मुद्देसूद लिहिली की पैकीच्या पैकी. माझ्या पुतण्याने एकदा खरंच स्वतःच्या शब्दांत लिहिली होती, गावातल्या पाणवठ्याचं नाव घालून. दोन गुण कापले, शेरा आला, विषयांतर.

काही माणसं मात्र सत्कारालाच येत नाहीत, त्यांचं अवघड असतं. १८८५ ला रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण धाडलं तर जोतीराव फुल्यांनी उलट पत्र पाठवून येत नाही म्हणून कळवलं, आणि नुसतं कळवलं नाही तर उंटावरून शेळ्या वळणारे घालमोडे दादा असा अहेरही केला. काय करणार अशा माणसाचं? सोपं आहे, वारल्यावर फोटो लावा. फोटोला नाही म्हणता येत नाही. आज घालमोड्या दादांची कुठलीही सभा जोतीरावांच्या फोटोला हार घातल्याशिवाय सुरू होत नाही, आणि तो हार पाचशे वेळा तरी मी स्वतः पुढे केलाय.

बाई लिहायला लागली तर सत्काराचाही खर्च करू नका, नुसतं गप्प राहा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्यामुळे पेटून उठून, आणि सगळे दोष बायकांच्याच माथी का मारता म्हणून पुरुषांची अशी काही हजेरी घेतली की आजही वाचताना खुर्चीत सरकून बसावं लागतं. फुल्यांनी तेवढी बाजू घेतली. बाकीच्यांनी आधी नावं ठेवली आणि मग तोंड मिटलं. बाईंनी पुन्हा पुस्तक लिहिलं नाही, आणि हे पुस्तक परत छापून आलं १९७५ ला. त्र्याण्णव वर्षं! एक पोलीस नाही, एक कोर्ट नाही, एक दगड नाही. आता त्यावर सेमिनार भरतात आणि जेवणाच्या सुट्टीत रांग आधी पुरुष प्राध्यापकांची लागते.

एका जागी मात्र माझी विद्या चालत नाही, ते कबूल करतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचा जीव दिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखाची गाणी केलेला माणूस. यावर काय बोलायचं ते माईकवर पंधरा वर्षं काढूनही मला येत नाही, म्हणून मी ते नाव यादीत कधी घेतच नाही.

असो. प्रात्यक्षिक सांगतो. गेल्या साली जयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही एका म्हाताऱ्या शाहिरांना बोलावलं. सत्तरी उलटलेली, अर्ध्या तिकिटाचं कार्ड, डफ बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून काखेला. चारला बोलावलं होतं, म्हातारा तीनलाच हजर. पाऊस होता, आणि पावसात डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बसतो, शेकावं लागतं. ते स्टेजच्या मागे गेले, जनरेटरजवळ कागद-पुठ्ठे गोळा करून जाळ केला आणि डफ शेकत बसले. मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघायचे. पाहुणे सातला आले. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रास्ताविकात राहिलेल्यांची नावं, मग परत राहिलेल्यांची. दर वेळी मी मागे जाऊन सांगायचो, शाहीर, पुढचा नंबर तुमचाच. ते हो सायेब म्हणायचे आणि आणखी एक पुठ्ठा जाळात सारायचे.

साडेनऊला पाहुण्यांना निघायचं होतं. मी प्रसंगावधान राखून जाहीर केलं की आता शाहिरांचा यथोचित सन्मान, म्हाताऱ्याला वर घेतलं, शाल घातली, नारळ दिला, ट्रॉफी दिली. दोन्ही हात भरले. आता डफ कुठल्या हाताने वाजवणार? हीच तर त्यातली कला आहे. फोटो झाले, राष्ट्रगीत झालं, खुर्च्या उचलल्या.

मी त्यांना गाडीवरून स्टँडवर सोडायला गेलो, तेवढी माणुसकी ठेवतो मी. शेवटची गाडी लेट होती. बाकड्यावर ऊसतोडीची दोन कुटुंबं, नाईट शिफ्टची काही पोरं, एक चहावाला. म्हाताऱ्याने अंगावरची शाल काढली, घडी घालून बाकड्यावर ठेवली, त्यावर नारळ ठेवला, ट्रॉफी बाकड्याखाली सारली, लुगडं सोडलं आणि डफावर एक थाप मारली. साडेसहा तास शेकलेलं कातडं ते, असं कडाडलं की चहावाल्याने स्टोव्हची हवा सोडली. मग दुसरी थाप. पोरं उठून जवळ आली, कुणीतरी विचारलं काय म्हणता बाबा, आणि बाबा म्हणायला लागले, चांगली मोकळी करून, नावं घेऊन, कुणाची ते इथे लिहीत नाही.

मी पटकन डिकी उघडून बघितली. शाली संपल्या होत्या.