"बरं वाटलं की गोळ्या बंद करा" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"बायपोलर हा आजार नाही, धंदा आहे" असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या ग्वाल्हेरच्या घरच्या ग्रुपवर तो काकांनी टाकला आणि शहराच्या लष्कर भागात राहणाऱ्या निम्म्या नातेवाइकांनी खाली हात जोडून पुढे पाठवला. त्याच ग्रुपमध्ये माझा धाकटा भाऊ आहे. त्याला याच वर्षी बायपोलरचं निदान झालंय, त्यावरचं लिथियम हे औषध घ्यायचं की नाही यावर महिनाभर डोकं शिणवून शेवटी त्याने स्वतःच हो म्हटलं, आणि आता हे वाचून मला विचारतो, "ताई, मी खरंच बॅटरीतलं विष खातोय का गं?" म्हणून लिहितेय.

मेसेजचं म्हणणं असं: हे नुसते मूड स्विंग आहेत, लिथियम बॅटरीचं विष आहे, त्याने किडनी जाते, व्यसन लागतं, कंपन्या पैसा कमावतात, आणि बरं वाटलं की गोळ्या फेकून प्राणायाम सुरू करा.

बॅटरीचं आधी. मूलद्रव्य तेच आहे, पण गोळीत लिथियम कार्बोनेट नावाचं क्षार असतं, मोजून दिलेलं. नुसता सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, म्हणून आपण वरणात मीठ घालायचं सोडतो का? आणि कंपन्यांचा धंदा म्हणाल तर जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1949 सालीच मॅनियावर, म्हणजे बायपोलरमधल्या त्या टोकाच्या चढलेल्या अवस्थेवर, याचा उपयोग छापून दाखवला होता. साधं क्षार, जुनं औषध, स्वस्त गोळी.

मूड स्विंग? मॅनिया म्हणायला निदान आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ, माणूस वेगळाच झालेला असावा लागतो. आमच्याकडे भाऊ रात्र-रात्र झोपत नव्हता तरी थकत नव्हता, पहाटे तीनला दुकानाचं नाव ठरवून व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, दुकानाचा पत्ता नाही, आई समजवायला गेली की इतक्या वेगात बोलायचा की तिला मधे शब्द घालता येईना. त्यानंतर जो खाली गेला तो आंघोळीलाही उठेना. याला स्वभाव म्हणणाऱ्यांनी एक रात्र त्या घरात काढावी.

किडनीचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करायलाच हवं. वर्षानुवर्षं घेतलं तर लिथियम काही जणांच्या किडनीवर परिणाम करतं, थायरॉइड मंदावू शकतं. म्हणूनच तर तपासण्या असतात! रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी असेल तर ती घ्यायच्या आधी, रक्त देऊन लिथियमची लेव्हल बघायची, बहुतेकांची 0.6 ते 1.0 मिलीमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात, शिवाय दर काही महिन्यांनी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच या रक्ततपासण्या. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच काळजी असती तर त्याने हे लिहिलं असतं, की शरीरातलं पाणी कमी झालं की लेव्हल चढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात निर्जळी उपवास, जुलाब, नाहीतर अंगदुखीवर दुकानातून घेतलेली आयबुप्रोफेन, हे सगळं लिथियमवाल्याला धोक्याचं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं, असं दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती, "बरं वाटलं की बंद करा". अहो, बरं वाटतंय ते पुष्कळदा त्या गोळीमुळेच! लिथियम एकदम तोडलं तर आजार उलटण्याचा धोका, खास करून मॅनियाचा, पहिल्या काही महिन्यांत वाढतो. थांबवायचंच असेल तर डॉक्टर काही आठवडे ते महिने घेऊन डोस हळूहळू उतरवतात. आणि प्रश्न नुसता मॅनियाचा नाही, जिवाचा आहे. 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 48 चाचण्यांचं, साडेसहा हजारांहून जास्त रुग्णांचं एकत्र विश्लेषण आलं, त्यात औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्या स्पष्ट कमी दिसल्या. काकांनी फॉरवर्ड करायला दोन सेकंद लागले असतील, पण ते वाचून एखाद्याच्या मुलाने त्या रात्री स्ट्रिप कचऱ्यात टाकली तर जबाबदारी कोण घेणार?

व्यसनाबद्दल: लिथियमची तलफ लागत नाही, नशा येत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरं, पण ते औषध वेगळं. प्राणायाम खुशाल करा, गोळीच्या जोडीला.

मोठ्या माणसांची भीती मला कळते. 1997 साली सुप्रीम कोर्टाला आग्रा, रांचीबरोबर आपल्या ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेवरही मानवाधिकार आयोगाची देखरेख बसवावी लागली होती, ती धास्ती घराघरांत आहे, त्यामुळे "आजारच नाही" हे ऐकायला सगळ्यांना बरं वाटतं. पण माझ्या भावाने ठरवलंय ते सगळं विचारून. ते उंच उडणारे दिवस त्याला अजून आठवतात, गोळीने थोडं मंद वाटतं असंही म्हणतो, आणि त्यावर डोस कमी करता येईल का हे तो पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारणार आहे. मेसेज वाचून तुमच्या घरी कुणी गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, डॉक्टर मिळत नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 24 तास चालू असतो.